टॉवेलाखालचे शनिवार

आमच्या घरमालकीण काकूंच्या मोठ्या मुलीला बघायला पाहुणे आले आणि मी नवऱ्यामुलाचे दात बघितले. बस्, एवढंच केलं मी! पण त्या दातांपायी माझे जामखेडचे शनिवार जायची वेळ आली होती. कसं ते सांगते, पण आधी थोडं मागे जावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी जन्मापासूनच वेडी होती.

मी तेव्हा चौथीत. आई आणि आण्णा वेगळे झाले होते. आण्णा म्हणजे माझे वडील. आई नगरला एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायची आणि आम्ही दोघी काकूंच्या घरी वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. आण्णा जामखेडला. तिथल्या जनावरांच्या बाजारात ते दलाल होते. म्हणजे बैल विकणारा एक, घेणारा एक, आणि दोघांच्या मधे उभं राहून सौदा जुळवून देणारे आमचे आण्णा. जगाचं जुळवून देतो आणि घरचं जुळवता आलं नाही, असं आई म्हणायची. मी नाही हं, आई!

नगरच्या कोर्टात असं ठरलं की मी आईकडे राहायचं आणि महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी आण्णांकडे जायचं. शाळेला त्या शनिवारी सुट्टी असायची, म्हणून आईनेच ते शनिवार निवडले. आता ह्यात एक घोटाळा होता. तो दोन वकिलांच्या, एका जजसाहेबांच्या, आईच्या, कुणाच्याच लक्षात आला नाही. जामखेडचा बाजार शनिवारी भरतो! आण्णांच्या लक्षात आला असणार, पण ते कशाला बोलतात. घरी दुसरं कुणी नाही, मग पोरीला ठेवणार कुठे? सकाळी उठायचं, शिळ्या भाकरीचा कुस्करा खायचा, आणि आण्णांचं बोट धरून थेट बाजारात!

आणि काय बाजार होता तो. बैलांच्या रांगाच रांगा, शिंगांना लाल-हिरवा रंग, गळ्यात घुंगरं, शेणाचा आणि गरम भज्यांचा एकत्रच वास. मी एका लिंबाच्या झाडाखाली चाचांपाशी बसायचे. चाचा म्हणजे आण्णांचे जुने दोस्त, बैलांचे व्यापारी, डोक्यावर जाळीची टोपी, तोंडात कायम पान. आण्णा सौद्याला गेले की मला सांभाळायचं काम चाचांचं. म्हणजे काय, तर चाचांनी मला बैलाचे दात बघायला शिकवलं.

ते सोपं असतं खरं. बैलाचे दुधाचे दात पडून पक्के दात दोन-दोन करत येतात. दोन आले तर दोन दाती, मग चार दाती, मग सहा दाती, आणि सगळे आले की बैल जुळला. जुळला म्हणजे वयात पूर्ण आला, आता त्याला लहान म्हणून विकता येणार नाही. मालक काहीही सांगू दे, दात खोटं बोलत नाहीत. मी ओठ उचलायचे, बघायचे आणि ओरडायचे, "चाचा, चार दाती!"

"शाब्बास बेटा," चाचा म्हणायचे. "माझे दाखवू का?"

"दाखवा!"

"नको. मी कवाच जुळलोय. भाव पडंल माझा."

पण दातांपेक्षा भारी गोष्ट दुसरीच होती. आण्णांच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असायचा, पांढरा, लाल काठाचा. मला आधी वाटायचं घाम पुसायला असेल. तर नाही! बाजारात भाव तोंडाने करत नव्हते. आण्णा गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचे, वरून टॉवेल टाकायचे आणि आत बोटांनी बोलणं चालायचं. मी चाचांना विचारून विचारून भंडावून सोडलं, तेव्हा त्यांनी माझा हात त्यांच्या टॉवेलाखाली घेतला.

"हे बग. एक बोट धरलं तर एक. दोन धरली तर दोन. आख्खा पंजा धरला तर पाच. बोटाचं नुसतं पेर दाबलं तर अर्धा. आन मूठ मिटली तर नको, तुजा भाव तुज्यापाशी."

"पण टॉवेल कशाला?"

"आगं, शंबर मानसं भोवती हुबी असत्यात. भाव बाहेर फुटला की ज्याला त्याला मधी बोलायचं असतं. ह्यो म्हनतो म्हाग, त्यो म्हनतो सस्त. सौदा ऱ्हातो बाजूला आन मारामारी हुती."

मग चाचांनी नियम सांगितले. हात टॉवेलाखाली असला की तोंडाने आकडा काढायचा नाही. आवाज चढवायचा नाही. आणि जो आधी हात काढून घेईल त्याने सौदा मोडला.

"मग तोंडाने काय बोलायचं?"

"काय बी. पाऊस. पोरंबाळं. न्हाई काय सुचलं तर बैलाला नावं ठिवायची."

मला हे इतकं आवडलं की काय सांगू! रविवारी संध्याकाळी आण्णा मला नगरच्या स्टँडवर आईच्या ताब्यात द्यायचे आणि तिथून घरी पोचेपर्यंत रिक्षात माझी टकळी थांबायची नाही. "आई, लई मोठा बैल हुता, त्याला आठ दात हुते, मला तर वाटलं मारतोय का काय, पन न्हाई, लई गरीब हाय."

"खूप मोठा बैल होता," आई म्हणायची. "मारतोय की काय. पण नाही. आहे."

"व्हय."

"हो!"

टायपिंग शिकवणारी बाई ती. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तिच्या कपाळावर आठी. आणि माझी तर अख्खी ओळच चुकलेली. एकदा रिक्षा खड्ड्यात आपटली आणि माझ्या तोंडून "च्यायला" निघालं. आण्णा जामखेडला पोचेपर्यंत आईने कसाबसा दम धरला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेली, जामखेडच्या किराणा दुकानात फोन लावून आण्णांना बोलावून घेतलं, आणि काचेच्या बाहेर मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, तुम्ही पोरीला बाजारात नेता? जनावरांच्या? शिव्या शिकली ती! शिट्टी मारते! कोण ती माणसं, कुठली, काय, मला काही माहीत नाही आणि माझी पोर दिवसभर त्यांच्यात?"

तुम्ही बघा, कोर्टाने वेगळं केलं तरी आई त्यांना अहोच म्हणायची. भांडताना सुद्धा.

पण एक सांगते हं. लाईट गेली की ह्याच आईबरोबर मी गोधडीखाली हात घालून सौदे करायचे. आधी ती म्हणाली, "भलतंसलतं शिकून येतेस." मग म्हणाली, "एक बोट म्हणजे काय?" आणि मग तिला असं काही जमलं की बास! आज पोळ्या किती खायच्या, टीव्ही किती वेळ बघायचा, सगळं गोधडीखाली ठरायचं. आणि आईची बोटं! दिवसभर टाईपरायटरच्या बटणांवर आपटून आपटून नुसती लोखंडाची झाली होती. ती बोट धरायची तर मला वाटायचं आता हे माझं राहत नाही. दर वेळी तीच जिंकायची.

आता तुम्हाला वाटेल की तक्रार फक्त आईचीच होती. अजिबात नाही! आण्णांची पण होती. काकूंना दोन मुली. मोठी ताई कॉलेजात, आणि धाकटी माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठी. नुकतीच त्यांच्याकडे केबल आलेली. शाळा सुटली की आई क्लासवरून येईपर्यंत मी त्यांच्याकडेच. धाकटीने मला नेलपॉलिश लावायला शिकवलं, केस कापून कपाळावर आणले, आणि "आई काय म्हणतेस गं, मम्मी म्हण" असं सांगितलं. मी म्हणायला लागले. मग पुढच्या शनिवारी जामखेडला जाऊन मी काय करावं? चहात माशी पडली तर "ई, शी, मी नाही पिणार!" आणि "आमच्या मम्मीकडे..."

आण्णांनी कप खाली ठेवला. "कोन मम्मी?"

"आई."

"मग आई म्हनायला काय तोंड दुकतं? आन नखाला काय झालंय? कुटं चिमटली का काय?"

"नेलपॉलिश आहे, आण्णा."

चाचा तिकडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो! शिंगाला रंग देता तवा चालतंय, पोरीच्या नखाला का न्हाई?"

सगळे हसले, आण्णा पण हसले. पण मग मी आणखी एक गोष्ट बोलले. धाकटीने मला विचारलं होतं की तुझे पप्पा नक्की काय करतात, आणि मी सांगितल्यावर नाक मुरडलं होतं. म्हणून मी आण्णांना विचारलं, "तुम्ही बँकेत का नाही जात?"  त्यांनी टॉवेल काढून तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला, आणि रविवारी स्टँडवर आईला म्हणाले, "त्या घरमालकिनीच्या पोरी माज्या पोरीची मेमसाब करायला लागल्यात. तिथं बसवत जाऊ नको तिला."

"मग कुठे बसवू? बैलापाशी?"

झालं, सुरू! आईला जामखेडची माणसं नकोत, आण्णांना नगरची माणसं नकोत. आणि मला तर दोन्हीकडची सगळी हवी होती! हे कुणी विचारतच नव्हतं.

आणि मग ते दात.

ताईला बघायला पाहुणे आले ती गुरुवारची संध्याकाळ होती, दुसऱ्या दिवशी मला जामखेडला जायचं होतं. काकूंनी आईला मदतीला बोलावलं होतं, आणि पाण्याचे ग्लास फिरवायचं काम माझ्याकडे. नवरामुलगा पुण्याला कंपनीत, आईवडील आणि एक आजोबा सोबत. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई म्हणाली, "मुलाला सव्विसावं चालू आहे हं." मग ताईकडे बघून, "बाळ, जरा दारापर्यंत चालून दाखव बरं."

ताई बिचारी उठली, साडी सावरत दारापर्यंत गेली आणि आली.

आता मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं? बाजारात असंच असतं की! बैल चालवून बघतात, लंगडतो का, दबकतो का. पण जोडी घ्यायची असेल तर दोन्ही बैल चालवतात, एकच नाही. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "आता ह्यांना चालवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आमच्याकडे जोडीतले दोन्ही चालवून बघतात. आणि दात पण." आणि मी त्या मुलासमोर जाऊन उभी राहिले. तो हसायला लागला होता, त्यामुळे ओठ उचलायची गरजच पडली नाही. मी नीट वाकून बघितलं आणि तोंडाने आपोआप ओरडा बाहेर पडला. "हा तर जुळला हाय! सव्वीस कुटला!"

ते आजोबा असे हसले, असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "पोरी, कुठल्या बाजारातली गं तू?"

"जामखेडच्या!" मी छाती काढून सांगितलं.

आणि नवरामुलगा खरंच उठला हो! दारापर्यंत गेला, वळला, परत आला आणि मला म्हणाला, "ठीक आहे का चाल?" ताई पदरात तोंड लपवून हसत होती. नंतर तिने मला गुपचूप सांगितलं, की तो उठून चालला ना, तिथेच तिला पसंत पडला. ते लग्न झालं पण, आणि मांडवात त्याने मला बघून मुद्दाम सगळे दात दाखवले! पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी पाहुणे दाराबाहेर पडले आणि काकू आईवर अशा चवताळल्या.

"अहो, काय वळण लावलंय पोरीला! माझ्या मुलीचं मोडलं म्हणजे? महिन्यातून दोनदा कुठे पाठवता तिला? तिला आवरा नाहीतर दुसरी खोली बघा."

आईचा चेहरा पांढरा पडला होता. ती मला रागावली नाही. नुसती म्हणाली, "बास झालं जामखेड." 

शुक्रवारी संध्याकाळी नगरच्या माळीवाडा स्टँडवर आण्णा नेहमीच्या जागी उभे होते. जामखेडची गाडी लागलेली. नेहमी आई माझी पिशवी त्यांच्याकडे द्यायची. त्या दिवशी तिने पिशवी दिलीच नाही.

"ही येणार नाही. आजपासून भेटायचं तर इथेच. रविवारी सकाळी, बागेत, माझ्यासमोर."

"का? काय झालं?"

आईने दातांचं सगळं सांगितलं. आण्णांना हसू आलं, आणि ते हसू बघून आई जी पेटली!

"हसा! तुमच्या त्या माणसांनी हे शिकवलं तिला. उद्या मला खोली सोडायला लागली तर तुमचे बैल देणार आहेत का राहायला?"

"माजी मानसं शिव्या देत असतील, पन बापाची लाज धरायला न्हाई शिकवत. ती तुज्याकडं शिकली ती!"

"मी शिकवली? मी?"

"तुज्या घरमालकिनीच्या पोरींनी! आन कोर्टानं सांगितलंय दोन शनिवार!"

"मग कोर्टाला सांगते मी, पोरगी पाहुण्यांचे दात मोजत फिरते म्हणून!"

एव्हाना भोवती माणसं जमली होती. पिशव्या घेतलेली एक बाई म्हणाली, "अवो ताई, जाऊ द्या की लेकराला बापाकडं." एक पान खाणारा म्हणाला, "बाईचं बरोबर हाय, पोरीच्या जातीला बाजार कशाला?" मग ती बाई त्याच्यावरच धावली. एकजण म्हणाला, पोरीलाच विचारा. कंडक्टर गाडीच्या दारातून ओरडला, "मिटवा लवकर, मला येळ हाय!"

आणि आण्णांनी टॉवेल झटकला.

मला ते झटकणं माहीत होतं. भांडण हाताबाहेर गेलं की आण्णा टॉवेल झटकून खांद्यावर टाकायचे आणि चालायला लागायचे, मागे न बघता. शेवटचं असं गेले होते तेव्हा ते परत आलेच नाहीत, मग कोर्टच झालं, आणि कोर्टाने दिवस ठरवून देईपर्यंत मी त्यांना बघितलंच नव्हतं. आता गेले तर बागेत तरी येतील का? बागेतल्या बाकावर आईसमोर बसून आण्णा काय बोलणार माझ्याशी?

मी उडी मारून टॉवेल ओढला. "आण्णा, थांबा! भाव बाहेर फुटलाय!"

"काय?"

"सगळे मधे बोलायला लागलेत बघा. टॉवेल टाका. मी दलाल." आणि मी आईचा हात पकडला, वर टॉवेल टाकला. "आई, जामखेडचे शनिवार किती? तोंडाने बोलायचं नाही. गोधडीखाली करतो तसं."

आईने आण्णांकडे चोरून बघितलं. "गोधडीखाली" हे त्यांना कळायला नको होतं बहुतेक. आण्णांच्या भुवया वर गेल्या. "हिला येतंय?"

"गप्प बसा," आई म्हणाली. पण हात काढून घेतला नाही. आणि टॉवेलाखाली मूठ घट्ट मिटली. एकही नाही.

मी टॉवेल घेऊन आण्णांकडे. त्यांनी माझी दोन बोटं धरली. कोर्टाचे दोन. परत आईकडे. मूठच. परत आण्णांकडे. दोनच. पान खाणारा म्हणाला, "काय चाललंय काय?" पिशव्यावाली म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं, गप ऱ्हावा." तिसऱ्यांदा आईकडे गेले तेव्हा मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि तिला ते दिसलं असणार. मूठ हळूच उघडली आणि तिने माझं एक बोट धरलं. एक! मी उडतच आण्णांकडे गेले. पण आण्णा दोनवर अडून. एक आणि दोन, एक आणि दोन, माझी नुसती पळापळ.

"सर बाजूला," शेवटी आण्णा म्हणाले. "दलाल कच्चा हाय." आणि त्यांनी स्वतःच आईपुढे हात केला.

आईने पिशवी डाव्या हातात घेतली. मग तिने हात दिला. मी टॉवेल टाकला, नीट चारी बाजूंनी, माझ्याच हाताने.

आणि आता आत काय चाललंय ते मला पण दिसेना! बोटं हलत होती, टॉवेल हलत होता. तोंडाने मात्र नियमाप्रमाणे दुसरंच.

"पाऊस कसा आहे तिकडे?" आई.

"कसला पाऊस. ढगं येत्यात, बगून जात्यात." आण्णा. "हिचा खोकला गेला का?"

"गेला. वजन नाही वाढत."

"माज्याकडं दूध पिती चांगलं."

"माझ्याकडे नाही पीत. साय आली म्हणते."

"मला म्हनती माशी पडली."

दोघं एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी आकाशाकडे बघितलं.

मग आण्णा कळवळले. "आगं आगं! बोट मोडती का काय!"

"दिवसभर टाईप करते," आई म्हणाली, आणि मला दिसलं, तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता.

"जामखेड, जामखेड, चला!" कंडक्टरने घंटी मारली. पण दोघांपैकी कुणीच हात काढेना. आधी काढेल त्याने सौदा मोडला! आण्णांनी मान वळवून गाडीकडे बघितलं, आईने पण बघितलं, आणि दोघं तिथेच उभे. गाडी मागे सरली, वळली आणि गेली. माणसं पण पांगली, बोलायला काही उरलंच नव्हतं ना.

शेवटी आण्णांनी टॉवेल ओढून काढला आणि आईच्या तळहातावर टाळी दिली. बाजारात सौदा झाला की देतात तशी.

"किती?" मी ओरडले.

"दीड," आई म्हणाली.

दीड शनिवार! मला वाटलं अर्धा शनिवार म्हणजे दुपारी हाकलून देणार. पण ते असं होतं. दुसरा शनिवार-रविवार पूर्वीसारखा पूर्ण आण्णांकडे. चौथ्याला आई स्वतः माझ्याबरोबर बाजारात येणार, ती माणसं कोण आहेत ते आपल्या डोळ्यांनी बघणार आणि संध्याकाळी मला परत घेऊन जाणार.

"आन माजी एक अट," आण्णा म्हणाले. "त्या घरमालकिनीच्या पोरीला बी आन. बगू दे बँकेत न जाता मानूस काय करतो ते."

ते अजून विसरले नव्हते. पुढची गाडी येईपर्यंत आम्ही तिघांनी रसवंतीवर रस प्यायला, आणि गाडी लागली तशी आईने माझी पिशवी आण्णांकडे दिली. नाही, ते परत एकत्र वगैरे झाले नाहीत, असलं काही मनात आणू नका. पण त्यानंतर स्टँडवर भांडण लागायला आलं की दोघांपैकी एकजण टॉवेलाकडे बघायचा. तेवढ्याने आवाज खाली यायचा.

चौथ्या शनिवारी आम्ही तिघी पहाटेच्या गाडीने निघालो. आई, मी आणि धाकटी. धाकटीला काकूंनी का सोडलं माहितीये? तोपर्यंत मुलाकडून होकार आला होता! धाकटी पांढरे सँडल घालून आली होती आणि बाजाराच्या तोंडाशीच तिचा पाय शेणात. काय किंचाळली! आईने नाकाला रुमाल लावलेला, साडी वर धरलेली, आणि मी पुढे पळत होते.

चाचांनी आईला बघितल्याबरोबर पान थुंकलं आणि टोपी सरळ केली.

"तुम्हीच का ते दात शिकवणारे?" आई म्हणाली. शाळेतल्या बाईंसारखा आवाज.

चाचांनी तोंडावर हात धरला. "व्हय ताई. शिकवले मीच. पन माजे बगू नका, लई खराब हायेत."

आईने रुमाल नाकावर अजून घट्ट धरला. आधी मला वाटलं वासामुळे. पण तिचे खांदे हलत होते.

मग चाचांनी तिला बसायला लिंबाखाली पोतं झटकून दिलं, चहा मागवला. आईने कपात वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि प्यायली. दिवसभर ती तिथे बसून सगळ्यांकडे टक लावून बघत होती, परीक्षेत सुपरवायझर बसतात ना, तशी. कुणी शिवी दिली की चाचा लांबूनच दटावायचे, "ए, बाया-मानसं हायेत!" आण्णा एका सौद्यात दोन भांडखोर भावांच्या मधे उभे होते, हात टॉवेलाखाली, चेहरा शांत. आई बराच वेळ तिकडेच बघत होती. आणि धाकटी? दुपारपर्यंत तिने सँडल काढून माझ्या हातात दिले होते आणि ती एका खोंडाचा ओठ उचलून "दोन दाती!" म्हणून ओरडत होती. तिला नीट येत पण नव्हतं, चार होते ते!

परत नगरला आलो तेव्हा काकू खाली दारातच उभ्या. "काय, कसा काय होता बाजार?"

"लई मोठा हाय हो," आई म्हणाली. आणि एकदम तोंडावर हात ठेवला.

काकू बघतच राहिल्या. तेवढ्यात धाकटी पुढे झाली आणि म्हणाली, "मम्मी, जरा तोंड उघड बघू."

आई आणि मी जिन्याने वर पळालो, नाहीतर तिथेच हसत बसलो असतो. अर्ध्या जिन्यात आई थांबली. तिने माझा हात धरला, वरून पदर टाकला. मला वाटलं रात्रीच्या पोळ्यांचा सौदा असेल. पण तिने तोंडाने म्हटलं, "उकडतंय बाई आज," आणि पदराखाली माझं एक बोट धरलं. मग दुसरं. दोन्ही बोटं धरून ठेवली, घट्ट, लोखंडासारखी.

मी तिच्याकडे बघितलं. आकडा तोंडाने काढायचा नसतो, म्हणून मी पण नुसतीच म्हणाले, "हो ना, पाऊस येणार बहुतेक," आणि तिच्या तळहातावर जोरात टाळी दिली.